भाऊजी स्टँडवर बसतात

माझे भाऊजी फर्निचरच्या दुकानात शिरले की रंग पाहत नाहीत, लाकूड विचारत नाहीत. सरळ वस्तूवर चढून बसतात. मग कंबर डावी-उजवीकडे जोरात हलवतात आणि अख्खं दुकान दचकेल अशा आवाजात निकाल देतात, "हालते बे!"

महाल भागातल्या एका दुकानदारानं तर हात जोडले. "काका, उतरा ना खाली. फिशटँकचा स्टँड आहे तो, माणसाचा नाही."

"मंग टँक काय हवेत ठेवू? पाणी किती जड असते, मालूम हाये का तुले? विनोद, तू बी ये वर."

विनोद म्हणजे मी, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं भरलेला आहे, एवढाच माझा गुन्हा. भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, मी भाऊजींच्या मांडीला मांडी लावून त्या स्टँडवर बसलो. स्टँड कुरकुरला.

"भुसा हाये हा भुसा! दाबून वरून सनमायका चिटकवला! पाणी सांडलं का फुगते! लोकायले फसवून राहिला का?"

माझं टाळकं सणकलं. भुशाचं राहू द्या, लोखंडाच्या बाबतीत कोणी कोणाला फसवलं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

ताईच्या हॉलमध्ये मोठा फिशटँक होता. पोरं नोकरीपायी हैदराबादला गेली आणि ताईचा सगळा जीव त्या माशांत गेला. जुना स्टँड डुगडुगायला लागला तेव्हा ती म्हणाली, नवा आणा. या माणसानं काय करावं? खिडकीबाहेरचा कूलरचा स्टँड उचलून आत आणला! हिवाळ्यात रिकामाच तर असतो, म्हणे. उन्हाळा तोंडावर आला की आपल्याकडे कूलरच्या स्टँडला गंजावरूनच चंदेरी रंग फासतात, तसा यांनीही फासला. "लोखंड हाये, काय होते त्याले?" कोराडीच्या वीज केंद्रात लोखंडातच जन्म घालवलेला माणूस हा! वर्षानुवर्षं कूलरचं पाणी ठिबकून एक पाय आतून सडला होता. भर दुपारी तो वाकला, टँक फुटला. ताई फरशीवर बसून ओंजळीनं मासे बादलीत टाकत होती. एकही वाचला नाही.

तेव्हापासून ताई त्यांच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, चहा ठेवायची, पण शब्द नाही. आणि हे महाशय तिच्यापुढे नाक घासायचं सोडून माझ्या गाडीवर मागे बसून गावातल्या स्टँडांवर बसत फिरत होते. पेट्रोल माझं, अब्रूही माझीच.

शेवटी आम्ही गावाबाहेर वाडीला, गोदामांचे रॅक बनवणाऱ्या एका वेल्डरकडे गेलो. जाड अँगल, कोपऱ्याकोपऱ्यात तिरप्या पट्ट्या, वर जाड प्लाय. तरी भाऊजींची कटकट सुरूच. "इथं टाका सुटला. हे वाकडं हाये. डोये उघडे ठेवून काम कर ना बे!"

वेल्डर वैतागून म्हणाला, "काकाजी, इसपे ट्रक खड़ा करना है क्या?"

मग मीच भडकलो. "बस झालं, भाऊजी! लोखंडाशी काय भांडता? ताईची माफी मागा ना! साऱ्या दुनियेवर बोंबलता, तिच्यापुढे काय दातखीळ बसते का?"

मला वाटलं, आता माझा नंबर. पण ते रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत राहिले.

"मांगतली गा," ते म्हणाले. "कान पकडून मांगतली. उठून आत निघून गेली. म्हनलं, शिव्या तं दे. त्या बी नाई. मी दिवसभर टीव्ही जोरात लावून बसतो. घर खायले उठते, विनोद."

मला त्यांची कीव आली. त्यांची कीव यावी याचाही मला रागच आला.

स्टँड घरी आला. दारातून जाईना, म्हणून दाराचा पल्ला काढला. हॉलचा निम्मा भाग त्यानंच खाल्ला. भाऊजी चढून बसले, कंबर हलवली. स्टँड जागचा हलला नाही.

आवाज ऐकून ताई पदराला हात पुसत बाहेर आली. स्टँड पाहिला. उखडलेलं दार पाहिलं. फरशीवरचे ओरखडे पाहिले.

"अजी, हे काय आनलं? मासे पाळाचे हायेत का हत्ती बांधाचा हाये?"

ताई त्यांच्याशी बोलली होती!

"दार कोन लावन आता? फरशीचा पार सत्यानाश केला! तुमाले अक्कल हाये का काई? आता अक्कल आली, तवा कुठं गेली होती? हजारदा सांगतलं, नवा आना, नवा आना! आयकलं का माहं? माह्या मासोळ्या मारल्या तुमी! माह्या हातात तडफडून मेल्या!"

तिचा आवाज फाटला, पण ती थांबेना. भाऊजी स्टँडवर पाय लोंबकळत ठेवून, मान खाली घालून बसले होते. मला ऐकवेना. मी पुढे झालो, "ताई, जाऊ दे ना आता..."

भाऊजींनी खसकन माझा हात ओढला. त्यांचे डोळे डबडबले होते.

"चूप बे," ते हळूच म्हणाले. "बोलू दे तिले."