दिवडाचा अंत्यविधी

गप्प बसण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बव्हेरियात सापडणार नाही! हे मी गर्वाने नाही, निरीक्षणाने सांगते. लहानपणी लपाछपीत मी कपाटात इतकी गप्प बसायचे की बाकीचे खेळ संपवून जेवून उठायचे, तरी मी आपली कपाटातच!

पण जर्मनीत या गुणाला काडीची किंमत नाही. हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका लहानशा कंपनीत मी वंगणांच्या चाचण्या करते. आमच्या प्रयोगशाळेत ग्रुपप्रमुखाची जागा रिकामी झाली होती, आणि ती कोणाला द्यायची ते आमच्या साहेबीण फ्राऊ डॉक्टर केसलर ठरवणार होत्या. माझ्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं.

"फ्राऊ मोकाशी, काम उत्तम! पण मीटिंगमध्ये तुम्ही आहात की नाही, हे मला खुर्च्या मोजून कळतं."

मी यावर काय बोलणार? काहीच बोलले नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

तर याच केसलरबाई शिकारी आहेत. मे महिन्यात त्या मला कँटीनमध्ये म्हणाल्या, "शनिवारी येता हरणाच्या शिकारीला? मचाणावर हूं की चूं न करता बसावं लागतं. बहुतेकांना जमत नाही."

माझ्या हातातला चमचा पडायचा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या विषयाची परीक्षा घेत होतं! ती जागा माझीच, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

"घरच्यांनाही आणा," बाई पुढे म्हणाल्या. तिथेच घोटाळा झाला.

घरचे म्हणजे माझा नवरा दत्ता, आणि कराडहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले सासरे, आत्माराम मोकाशी. दत्ता झोपेतही बोलतो आणि जागेपणी त्याची भरपाई करतो.

"शिकार? अगं, आमच्या पणजोबांनी वाघ मारलाय, वाघ!"

"मागच्या वेळी बिबट्या होता."

"मग वाढला असेल तेवढ्यात!"

"मी काठी घेतो," सासरे म्हणाले. "रान म्हटलं की साप-किरडू आलंच."

"बाबा, इथे साप नसतात हो! थंड देश आहे. आल्झो, म्हणजे तेव्हा, निवांत चला!"

साप इथे असतात, हे मला माहीत होतं. पण दत्ताचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचं ठरवलं तर मला नोकरी सोडावी लागेल. मी गप्प बसले.

शनिवारी संध्याकाळी, ऊन अजून चांगलं असताना, आम्ही रानात पोहोचलो. केसलरबाई नखशिखांत हिरव्या. टोपी हिरवी, मोजे हिरवे. उभ्या राहिल्या तर पक्षी घरटं बांधायला आले असते. त्यांनी आम्हाला शिकारीचे रिवाज सांगितले. हरीण पडलं की टोपी काढायची, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, आणि ओकच्या डहाळीचा शेवटचा घास त्याच्या तोंडात द्यायचा.

दत्ताने भाषांतर केल्यावर सासरे गहिवरले. "म्हणजे आपल्यासारखंच की रे! संस्कारी बाई आहे."

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," बाईंनी दत्ताकडे रोखून पाहिलं, "गोळीचा आवाज येईपर्यंत एक शब्दही नाही. काहीही झालं तरी!"

मी मान हलवली. तीही आवाज न करता.

मचाणावर दोघांचीच जागा. बाई आणि मी वर चढलो. बापलेक खाली, कार्प माशांच्या तळ्याच्या काठी, घडीच्या स्टुलांवर. दत्ताने तोंडात रुमाल धरला होता. खरोखरच धरला होता!

बराच वेळ काही नाही. मी तर इतकी सुखात होते की अशी ऑफिसं असतील तर मी कधी निवृत्तच होणार नाही. मग झाडीतून नर हरीण बाहेर आलं. बाई दोन वर्षं याच्याच मागावर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं आणि बंदूक उचलली.

नेमक्या त्याच क्षणी खाली, सासऱ्यांच्या बुटाजवळच्या गवतातून, साप निघाला.

मानेवर दोन पिवळ्या चंद्रकोरी. मी वरूनच ओळखला. आपल्याकडच्या दिवडाचा चुलतभाऊ, संपूर्ण बिनविषारी! सासऱ्यांनी मात्र काठी आपटली. ती सापाला लागलीही नाही, वीतभर बाजूला पडली. पण साप उलटला, उताणा झाला, जबडा उघडला, जीभ लोंबवली. तोंडातून रक्ताचा थेंबसुद्धा काढला!

सोंग! घाबरला की हा साप मेल्याचं सोंग घेतो. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्रात शिकले होते. खाली दोन शब्द टाकले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण हरीण समोर, बाईंचं बोट चापावर, आणि माझी परीक्षा चालू! मी गप्प बसले.

"मेला रे!" सासरे कुजबुजले. "माझ्या हातून मेला! दत्ता, अग्नी द्यायला हवा, नाहीतर सात पिढ्या डूख धरतो."

बिडी सोडून त्यांना कित्येक वर्षं झालीत, पण खिशातली काडेपेटी सुटलेली नाही. त्यांनी काडी ओढली.

खर्रर्र!

हरीण असं उडालं, जणू त्यालाच चटका बसला.

"आग?" बाई मचाणावरून किंचाळल्या. "जंगलात? या कोरड्या हवेत?" त्यांनी आधी बंदूक रिकामी केली, मग काडतुसं खिशात घातली, मग शिडी उतरल्या आणि मग पुन्हा पहिल्यापासून किंचाळायला सुरुवात केली. साप दिसताच मात्र त्या पांढऱ्याफटक पडल्या. "हा... हा संरक्षित प्राणी आहे! सोमवारी मला निसर्गसंरक्षण कार्यालयाला कळवावं लागेल. स्वतःहून!"

"काय म्हणतायत?" सासऱ्यांनी विचारलं.

"सापाच्या खुनाबद्दल तक्रार करणार म्हणतायत."

"करू देत. माझा व्हिसा गेला तरी चालेल, पण आधी याच्या तोंडात तांब्याचा पैसा घाल!"

दत्ताने खिसे उलटे केले. चार कार्डं, आणि सुपरमार्केटची ट्रॉली सोडवायला नाण्याऐवजी घालतात ती प्लास्टिकची चिप.

"प्लास्टिक?" सासरे कडाडले. "चेष्टा करतोस मेलेल्याची?"

दत्ताने बाईंना विधी समजावून सांगितला. आणि काय सांगू! बाईंचा चेहराच बदलला. "शेवटचा घास! तुमच्याकडेसुद्धा?" त्यांनी टोपी काढली. पाकिटातून दोन सेंटचं नाणं शोधून दोन्ही हातांनी सासऱ्यांना दिलं. (आत पोलाद असतं, तांब्याचा नुसता मुलामा. पण मी गप्प बसले.) मग ओकची डहाळी तोडून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. सासरे पुटपुटायला लागले. दत्तानेसुद्धा रुमाल डोळ्यांना लावला. एका धडधाकट सापाचं दोन संस्कृतींच्या वतीने श्राद्ध चाललं होतं, आणि साप ते पडल्या पडल्या मन लावून ऐकत होता!

सासरे नाणं घेऊन वाकले, आणि मला राहवलं नाही. मी शिडी उतरले, सापाला उचललं आणि सरळ पालथं ठेवलं.

तो लगेच वळून पुन्हा उताणा झाला. जीभ परत बाहेर!

"मेलेला प्राणी," मी म्हणाले, "आपण मेलोय हे दोनदा सिद्ध करायला जात नाही."

तोवर त्याने माझ्या हातावर सडक्या बोंबलासारखा वास सोडला होता. आम्ही चार पावलं मागे सरलो. सापाने मान उचलून अंदाज घेतला आणि सळकन तळ्यात गेला. सासऱ्यांनी हात जोडले, आणि दत्ताने "मी म्हणालोच होतो!" असं जाहीर केलं.

"फ्राऊ मोकाशी," बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सुरुवातीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, गोळीचा आवाज येईपर्यंत एक शब्दही नाही, काहीही झालं तरी. आणि गोळी झाडलीच नाही."

बाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. हरीण गेलं होतं, दोन वर्षं गेली होती. पण नियम त्यांचाच होता, आणि जर्मन माणूस स्वतःच्या नियमाशी भांडू शकत नाही.

"गेनाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. अगदी बरोबर!

ती जागा मला मिळाली. सोमवारी सगळ्या विभागासमोर बाईंनी तसं जाहीर केलं आणि म्हणाल्या, "आता नव्या ग्रुपप्रमुख आपल्याशी दोन शब्द बोलतील!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की मी खुर्चीत मागे रेलले होते आणि माझा जबडा उघडा होता.

सासरे तिथे नव्हते, हे नशीब. त्यांनी नाणं काढलंच असतं!