नग एक, स्थिती: ओरडत आहे

"नग एक," एवढं रजिस्टरमध्ये लिहून शिवदासने पेन थांबवलं. "साहेब, स्थितीच्या रकान्यात काय लिहू?"

सोसायटीचे सेक्रेटरी दशरथ परब टेबलावरच्या बुटांच्या खोक्याकडे बघत होते. खोक्यात जुन्या पायपुसण्याचा तुकडा होता आणि त्यावर मांजराचं पिल्लू. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, अंग वांग्याएवढं, आणि आवाज मात्र मुलुंड स्टेशनपर्यंत जाईल असा.

"ओरडत आहे, असं लिही. आणि हे इथे ऑफिसात कशाला आणलंस?"

"नियम चौदा," वॉचमन शिवदास म्हणाला.

नियम चौदा परबांनीच लिहिला होता. आवारात सापडलेली प्रत्येक बेवारस वस्तू वॉचमनने सेक्रेटरींच्या ताब्यात द्यावी. सेक्रेटरींनी ती पंधरा दिवस जशीच्या तशी सांभाळावी. मालकाने ओळख पटवून न्यावी, न नेल्यास वस्तू सोसायटीच्या मालकीची. शिवदासला हा नियम त्यांनी नऊ वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दोनदा म्हणून दाखवायला लावला होता.

"अरे, वस्तू म्हणजे छत्री, किल्ली, चेंडू. हे वस्तू आहे का?"

"ते मला काय माहीत साहेब. मी बेवारस एवढंच बघितलं. ह्याची आई सकाळी रोडवर टेम्पोखाली गेली. हे मीटररूममध्ये एकटं बोंबलत होतं. आपल्याकडे आजवर आलं त्यात ह्याच्याइतकं बेवारस काहीच नव्हतं."

परबांची एकतीस वर्षांची नोकरी बससेवेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात झाली होती. मुंबईभरच्या विसराळूपणाचा त्यांना मनापासून संताप होता, आणि ओळख पटल्याशिवाय त्यांच्या हातून रुमालसुद्धा सुटत नसे. एकदा कवळी न्यायला आलेल्या गृहस्थांना त्यांनी ती समोर लावायला सांगून वर चार फुटाणे खायला लावले होते.

सोसायटीतही तोच खाक्या. टेबलावर रजिस्टर उडू नये म्हणून त्यावर जो लाकडी दट्ट्या ठेवलेला असे, तो खाकरे शेकताना तव्यावर दाबायचा होता. चार महिन्यांपूर्वी तो आवारात सापडला. तिसऱ्या मजल्यावरचे हर्षदभाई त्याच दिवशी धावत आले होते. आईने धुऊन खिडकीत वाळत ठेवला, तिथून पडला, म्हणाले. परबांनी दट्ट्या ड्रॉवरमध्ये लपवून विचारलं होतं, "खूण सांगा."

"खूण काय सांगू काका? लाकूड आहे. गोल आहे."

"लाकडी आणि गोल मुंबईत पुष्कळ असतं. पडताना कोणी पाहिला?"

कोणी पाहिला नव्हता. सोळाव्या दिवशी दट्ट्या सोसायटीच्या मालकीचा झाला. तेव्हापासून हर्षदभाई आठवड्यातून एकदा ऑफिसच्या दारात उभे राहून सांगत, "काका, आमच्याकडे अजून खाकरे फुगतायत."

आता 'जशीच्या तशी सांभाळावी' हे शब्द परबांच्याच मानेवर बसले होते. पिल्लू मेलं तर ते जसंच्या तसं राहणार नव्हतं. त्यांच्या ताब्यातली वस्तू आजवर खराब झालेली नव्हती, एक अळूवड्यांचा डबा सोडला तर, आणि तोही सुट्ट्यांमुळे. परबांनी खोकं उचललं आणि संतापाने पायऱ्या मोजत दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी गेले.

"ह्या काय आणलात? उंदीर?" सुगंधाबाईंनी दार उघडून खोक्यात वाकून पाहिलं. "अगो बाय, मांजराचा पिल्लू. तेची आवस खंय?"

"आई गेली."

"मग आता तुम्हीच तेची आवस."

"मी सेक्रेटरी आहे. ही ताब्यातली वस्तू आहे, पंधरा दिवसांची. लाडात येऊ नकोस."

सुगंधाबाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. सावंतवाडीच्या माहेराहून आलेलं चांदीचं बोंडलं त्यांनी कपाटातून काढलं. त्याच बोंडल्याने त्यांच्या घरातली तीन मुलं दूध प्यायली होती. पिशवीचं दूध कोमट केलं, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं निजवलं आणि बोंडल्याची चोच त्याच्या तोंडाला लावली. दूध तोंडात गेलं आणि नाकातून बाहेर आलं. पिल्लू गुदमरलं, शिंकलं आणि गप्प झालं. इतका वेळ ज्या आवाजाने परबांचं डोकं उठलं होतं, तो थांबल्यावर ते धावत जवळ आले.

"अगं, उलटं कर त्याला. पाठ चोळ. चांदीचं भांडं काय घेऊन बसलीस."

पाठ चोळल्यावर पिल्लू पुन्हा ओरडलं. दहा मिनिटांनी दोघं नवरा-बायको रिक्षात होती आणि पिल्लू बोंडल्यासकट टॉवेलात.

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर मनाली ही परबांच्या धाकट्या मुलीच्या वयाची होती. तिने पिल्लू तपासलं, वजन केलं, मग बोंडल्याकडे पाहिलं.

"उताणं ठेवून पाजलंत? आणि गाईचं दूध?"

"आमची सगळी मुलं अशीच वाढली," परब म्हणाले.

"काका, तुमची मुलं मांजरं नव्हती. ह्याला पोटावर ठेवायचं, आईला पिताना असतं तसं. मांजराच्या पिल्लांची दुधाची पावडर मिळते, ती सिरिंजने थेंब थेंब. आठवड्याचंही नाहीये हे. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजायच्या आधी ऊब द्यायची, गार अंगाला दूध पचत नाही. आणि पाजून झालं की कोमट पाण्याचा कापूस खालून फिरवायचा."

"कशाला?"

"शू करायला. आई चाटते तेव्हाच ती करतात. स्वतःची स्वतः नाही येत त्यांना."

परब पत्नीला हळूच म्हणाले, "हे नियमात नव्हतं."

त्या दिवसापासून परबांचा संताप दोन तासांच्या हप्त्यांनी होऊ लागला. पावडरीच्या गुठळ्या होतात याचा संताप. मापाने दोन मिली भरावं तर पिल्लू दीडवरच झोपी जातं, याचा संताप. कापूस फिरवताना ते त्यांच्याच मनगटावर मोकळं होतं, याचा तर फार. गरम पाण्याची पिशवी तासाभरात गार पडे आणि पिल्लू खोक्यात चाचपडत ओरडू लागे. चौथ्या दिवशी चिडून त्यांनी ते उचललं आणि स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात टाकलं. पिल्लाने नाक खुपसलं, दोनदा पंजे दाबले आणि ते निपचित झोपलं. छातीच्या डाव्या बाजूला दिव्याच्या काचेइतकी ऊब. परबांना उठता येईना, खोकता येईना. सुगंधाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता सूर धरला:

"मांजराच्या बाळा, तुका नाय आवस,
सेक्रेटरीच्या खिशात तुझो रे दिवस."

"गाण्यात पदाचा उल्लेख नको," परब कुजबुजले. मोठ्याने बोलण्याची सोय नव्हती.

नियमाप्रमाणे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. 'सापडले आहे. काळे-पांढरे. मालकाने ओळख पटवून न्यावे.' उत्तरादाखल सत्तावीस लाल हृदयं आणि एक 'सो क्यूट' आलं. परबांनी परत लिहिलं, 'हृदये पाठवू नयेत. मालक असल्यास यावे.' त्यावर आणखी अकरा हृदयं आली.

सातव्या दिवशी पिल्लाचा उजवा डोळा किलकिला झाला, आठव्या दिवशी डावा. दोन्हींत आभाळाचा धुरकट निळा रंग होता. परबांनी रजिस्टरच्या स्थितीच्या रकान्यात 'ओरडत आहे' खोडलं आणि 'बघत आहे' लिहिलं. कोणाकडे, ते लिहिलं नाही.

बाराव्या दिवशी ते दात घासताना थांबले. आजपासून तीन दिवसांनी मुदत संपत होती.

"मग काय झाला? ठेवून घेऊ," सुगंधाबाई म्हणाल्या.

"कसं ठेवून घेऊ? मुदत संपली की ते सोसायटीचं. आणि नियम पंधरा आहे, समितीच्या सदस्याला किंवा त्याच्या घरच्यांना सोसायटीची वस्तू घेता येत नाही."

"ह्यो नियम कोणी केल्यान?"

परब चूळ भरायला आत गेले.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी समितीची बैठक बसली. अध्यक्षा मालनताई, सदस्य हर्षदभाई, आणि परब. शिवदास दाराशी उभा होता. परबांच्या शर्टाखाली बंडी होती आणि बंडीत विषय क्रमांक एक.

"अर्ज आला आहे," परब खाकरून म्हणाले. "सदर पिल्लावर दशरथ परब यांनी मालकी सांगितली आहे."

"म्हणजे तुम्ही," मालनताई म्हणाल्या.

"म्हणजे मी."

हर्षदभाई खुर्चीत मागे रेलले. या क्षणासाठी ते चार महिने फुगलेले खाकरे खात होते. "ओळख पटवा, काका."

परबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "पुढच्या उजव्या पायाची दोन नखं पांढरी. खालच्या ओठावर तीळ. शेपटीचं टोक वाकडं. दूध पिऊन झालं की तीन उचक्या, चौथी नाही."

"हे तुम्ही सापडल्यानंतर बघितलंत ना? सापडायच्या आधी ते तुमचं होतं, त्याची खूण सांगा. मला पण तुम्ही दट्ट्या न दाखवताच विचारलेलं."

एक 'हो, माझं होतं' म्हटलं असतं तर भागलं असतं. परबांनी तोंड उघडलं, पण एकतीस वर्षांची सवय मध्ये आली.

"नाही," ते म्हणाले. "आधी ते माझं नव्हतं."

"झालं तर मग, सोसायटीचं," मालनताई म्हणाल्या. "त्याचं करायचं काय पण?"

"सोसायटीचं, तर सोसायटीच्या कामाला लावा. पंपरूममध्ये उंदीर झालेत. तिथे ठेवा ना."

"पंपरूममध्ये?" परबांचा आवाज चढला आणि खिशात काहीतरी दचकलं, तसा तो पुन्हा खाली आला. "तिथे ओल आहे. घुशी आहेत, त्याच्या दुपटीच्या. हर्षदभाई, त्याला अजून स्वतःची शू धड जमत नाही आणि तुम्ही त्याला नोकरीला लावताय?"

"मी नाही लावत. तुमचा नियम लावतो."

परब रागाने उभे राहिले. पण तो राग नेमका कोणावर काढावा, हे त्यांना या खेपेला कळेना. समोर रजिस्टर होतं. त्यावर दट्ट्या होता. त्यांनी तो उचलला, क्षणभर नाकाजवळ नेला आणि हर्षदभाईंच्या पुढ्यात ठेवला.

"हा तुमचा."

"ओळख?"

"मेथीचा वास येतो त्याला. तुमच्या मजल्यावरून रविवारी येतो, तोच. पहिल्या दिवसापासून येतोय."

हर्षदभाई सरळ बसले. "पहिल्या दिवसापासून? मग चार महिने काय करत होता तुम्ही?"

"वास ही खूण नियमात बसत नव्हती."

"आज बसते?"

"पहिला आठवडा हे पिल्लू मला वासानेच ओळखत होतं," परब म्हणाले. "त्याचे डोळे तर मिटलेले होते." मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि दट्ट्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलं: 'मालकास परत. उशीर सेक्रेटरींच्या चुकीमुळे.' शिवदासने दारातून मान लांब करून ते वाचलं आणि घाईघाईने बाहेर बघू लागला.

हर्षदभाईंनी दट्ट्या हुंगला. लाकडावरून अंगठा फिरवला. मग रजिस्टर आपल्याकडे फिरवून घेतलं, मालनताईंचं पेन घेतलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. लिहून झाल्यावर पान परबांपुढे सरकवलं.

'सदर पिल्लू श्री. परब यांच्या चौथ्या मजल्यावरील खिडकीतून खाली पडताना मी स्वतः पाहिले. सबब ते त्यांचेच आहे. साक्षीदार, हर्षद.'

परबांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"हे खोटं आहे."

"माझा दट्ट्या पडताना कोणी बघितला नव्हता, म्हणून अडकला. हे पडताना मी बघितलं. सेक्रेटरींची सही राहिलीय."

"एकतीस वर्षांत मी एकही खोटी नोंद..."

"काका, वेळ झाली वाटतं त्याची," मालनताई म्हणाल्या.

खिशातून बारीक आवाज येत होता. परबांनी घड्याळ पाहिलं, शर्टाचं वरचं बटण काढलं, बाहीतून भरलेली सिरिंज काढली आणि पिल्लाला टेबलावर पोटावर धरलं. रजिस्टरच्या उघड्या पानावर पुढचे दोन पाय रोवून ते पिऊ लागलं. तिघंही बघत राहिले. दूध संपलं. एक उचकी आली. दुसरी आली. तिसरी आली. हर्षदभाई पुढे वाकून वाट बघत होते. चौथी आली नाही.

परबांनी पिल्लू खिशात ठेवलं, पेनाचं टोपण काढलं, सहीच्या जागी हात नेला आणि एकदम भडकले.

"चौथा मजला?" ते म्हणाले. "एवढी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहताय, हर्षदभाई. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. नीट लिहा."