भिजवण्याचा समारंभ आणि सुकवण्याची उपसमिती

बियाण्याला हालअपेष्टांची सवय लहानपणीच लागलेली बरी, याबद्दल सुशिक्षितांत दुमत नाही. बी एकदा भिजवून सावलीत सुकवले, की पुढे पावसाने ओढ दिली तरी ते थोडक्या ओलीवर उगवते. हे शास्त्र खेड्यापाड्यांत पोचवण्यासाठी छत्तीस साली नाशकात एक समिती निघाली. (खेडी लांब पडतात म्हणून समिती शहरातच राहिली.)

तिच्या दोन उपसमित्या होत्या. ओल्या उपसमितीत गावचे सगळे प्रतिष्ठित होते; कारण भिजवायला घंगाळ, गोदावरीचे पाणी, हारतुरे, भाषण आणि फोटो लागतो. सुकवायला नुसती सावली आणि माणूस लागतो. म्हणून सुक्या उपसमितीतही तेच प्रतिष्ठित होते, पण कागदावर. चिटणीस रंगनाथपंत तेवढे दोन्हीकडे हजर असत. गृहस्थ वाचनाचे वेडे, भिडस्त. स्वतःच्या घराचे दारही वाजवून आत जाणारे.

त्या आषाढात सिन्नरकडून नवसाबाई आली. तिची पहिली पेरणी जळाली होती. आता चार थेंब पडून जमिनीत जेमतेम ओल धरली होती, आणि घरात उरलेली सगळी बाजरी तिच्या टोपलीत होती.

"तेवढी भिजवून वाळवून द्या, दादा. परवा पेरलं नाय तर ओल ऱ्हायची नाय."

बी त्याच संध्याकाळी भिजले. पाच मान्यवरांनी पाणी ओतले. (सहावे उशिरा आल्यामुळे सकाळी पुन्हा ओतावे लागले.) अध्यक्ष रावसाहेब खंडेराव दुष्काळावर इतके कळवळून बोलले, की पानसुपारी येईपर्यंत कोणाला काही सुचेना. मग मंडळी घरी गेली. ओले बी पोत्यात बांधून ठेवले, कारण ते पसरण्याचा अधिकार सुक्या उपसमितीचा, आणि ती जेवून झोपली होती.

रंगनाथपंतांच्या पंचवटीतल्या घराला ओसरी होती, ओसरीवर सावली होती. पोते उचलावे असे त्यांना फार वाटले. पण खासगी सावली समितीच्या बियाला चालेल काय? आणि चालली, तरी ठरवणारे आपण कोण? असा विचार करीत ते पोत्याशेजारीच बसून राहिले.

नवसाबाई परत आली तेव्हा पोत्यात पांढऱ्या कोंबांचा गुंता झाला होता. हात घालावा तिथे मोडत होता.

"आता हे पेरताना पाभरीच्या नळीतनं कसं जायचं, पंत? गुरांपुढं टाकायचं झालं की हो!"

"मी सांगणारच होतो, बाई."

"कुनाला?"

पंत नियमांची वही चाळू लागले.

रावसाहेब मात्र हरखून गेले. "शंभर टक्के उगवण! पावसाशिवाय, जमिनीशिवाय! लिहा, पंत." (शेतकऱ्याशिवायही, हे त्यांनी मागाहून घालायला लावले.) नवसाबाई रिकामी टोपली काखेत मारून गेली. तिचे शेत त्या साली पडीक राहिले.

पुढे वार्षिक सभेत पंतांनी तिची हकीकत दबल्या आवाजात वाचली. सभा गहिवरली. कोणी पदर, कोणी उपरण्याचे टोक डोळ्यांना लावले, आणि चहा आला. तेव्हा समितीच्या ध्यानात आले, की हे शास्त्र माणसांनाही लागू पडते: एकदा ओले होऊन सुकलेले डोळे पुढे दुसऱ्याचा कितीही मोठा दुष्काळ सहज सोसतात. सुकी उपसमिती आता बरखास्त झाली आहे. हे वाचताना आपले डोळे ओले झाले असतील, तर काही करू नये. पान उलटेपर्यंत ते आपोआप सुकतात.