इवायाची अंडी

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात आमचे इवाई रंगनाथराव, म्हणजे आमच्या सुनेचे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पिशोरहून आमच्याकडं राहायला आले आणि महिनाभर राहूनही आमच्या नळाचं घोटभर पाणी प्यायले नाहीत.

येतानाच त्यांनी आपली सोय बरोबर आणली होती. काखेत घोंगडी, हातात पिशवी आणि रिक्षात मागच्या सीटवर दोन माठ. रिक्षावाल्याला सांगत होते, "हळू घे बाबा, आत सवाशे जीव हायेत." तो बिचारा घाबरून गाडीतून खाली उतरला. माठात अंडी होती.

लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्या लोकांत रीत आहे. म्हणजे होती. आता बाप पहिल्या खेपेला चहा घेतात, दुसऱ्या खेपेला पोहे घेतात आणि तिसऱ्या खेपेला मटण कधी करता म्हणून विचारतात. आमच्या संजयच्या आणि सुरेखाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. तो विषय घरात कुणी काढत नव्हतं. रंगनाथरावांनी मात्र रीत सोडली नव्हती.

मला त्याचा राग यायचा. मी चौथीपर्यंत शिकलो, आणि चौथी दोनदा केली. पण पडेगावात माझ्या हातानं तीन खोल्या बांधल्या, कुणापुढं हात पसरला नाही. त्या घरचं पाणी या माणसाच्या घशाखाली उतरत नाही म्हणजे काय?

त्यांनी शेजारच्या हमीदभाईंशी बोलणं करून ठेवलं. रोज सकाळी तीन अंडी भिंतीवरून भाभींच्या हातात द्यायची. दोन त्यांच्या घरी राहायची, एक उकडून परत यायचं. सोबत दोन वेळच्या भाकरी, कालवण आणि तांब्याभर पाणी.

हमीदभाई एकदा भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, "पाव्हणे, टाकी तो एकीच है. पाइप हिंया से फुटता, आधा इधर, आधा उधर. मेरे नल का पानी मीठा लगता क्या?"

"टाकी एक असू द्या," रंगनाथराव म्हणाले. "तोटी न्यारी हाय."

आमच्या मंडळीनं सांगून पाहिलं, "अहो, अंडी तरी फ्रिजमध्ये ठेवा. बेचाळीस डिग्री ऊन आहे."

"फ्रिज कुणाचा?"

"आपलाच की."

"म्हंजी लेकीचा. त्याचा गारवा घेतला का पाणी पिल्यातच जमा."

मी म्हणालो, "मग पाव्हणं, नाकानं हवा घेता ती कुणाची?"

"ती सरकारी हाय," म्हणाले, आणि घोंगडीवर आडवे झाले.

माणूस खुळा होता, पण अंड्याच्या कामात पक्का होता, हे मला मान्य करावं लागतं. घराच्या मागं सावलीला दोन घमेल्यांत वाळू भरली, तिच्यात माठ बसवले आणि वरून गोणपाट गुंडाळलं. वाळू आणि गोणपाट सकाळ-संध्याकाळ ओलं करायचं. त्याला आमचं पाणी चाललं. "वाळू काय आपली सोयरी नाय," असा निकाल त्यांनीच दिला. माठात गोवऱ्यांची चाळलेली राख. राखेत एकेक अंडं उभं, निमुळतं टोक खाली, एकाला दुसरं लागू द्यायचं नाही. रुंद बुडाकडं हवेची पोकळी असते, ती वरच राहिली पाहिजे म्हणे. दिवसातून दहा वेळा हा माणूस "टोकं खाली, टोकं खाली" असं पुटपुटायचा. एकदा माझ्याकडं बघून म्हणाला, "अंडं असो का माणूस, पाव्हणं, नाक वर केलं का नासलं."



त्या दिवशी खायचं अंडं तेवढं पाण्याच्या भांड्यात सोडायचे. आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर लगेच खायचं, तरंगलं तर फेकायचं. "बाकीच्यांना पाणी दाखवायचं नाय," असं बजावायचे. कोंबडासुद्धा महिनाभर आधीच भावकीत देऊन आले होते. मला त्याचं कारण सांगायला लागले, "कोंबड्याबिगरचं अंडं टिकतं. जीव धरलेलं अंडं उन्हाळ्यात..." तेवढ्यात सुरेखा डोळ्यात घालायचे थेंब घेऊन बाहेर आली. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं आणि तिला विचारलं, "कोणत्या डोळ्यात घालती गं, बाई?" ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं.

आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं पार्ट धुवायच्या खात्यात काढली. मी धुतलेल्या पार्टवर साहेब पांढरा रुमाल फिरवायचा आणि रुमाल पांढराच राहायचा. त्यामुळं दुसऱ्या आठवड्यात सुरेखा त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेली तेव्हा मी सहज माठात डोकावलो आणि मला राहवेना. एकेका अंड्याला विष्ठा चिकटलेली, काड्या चिकटलेल्या, वर राख. पाहुण्याचा माल आपल्या दारात असा? शिवाय मनात हेही होतं की बघू द्या यांना, काम कसं करतात ते. बंब पेटवला, धुण्याची पावडर घेतली, घासणी घेतली. दीड तासात नव्वद अंडी. एकही फुटलं नाही. फडक्यानं पुसून जशीच्या तशी राखेत लावली, टोकं खाली.

हमीदभाईंना मुद्दाम हाक मारून दाखवली. ते म्हणाले, "चमक तो दूल्हे के जैसी आई. पन बुजुर्ग को पूछे क्या?"

"माझ्या घरात मी कुणाला विचारू?"

रंगनाथराव आले ते हातपाय धुऊन थेट माठाकडं गेले. एक अंडं काढलं. दिसत कमी होतं, म्हणून त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. दुसरं काढलं.

"ह्यांना आंघोळ कुणी घातली?"

"मी. साबण लावून."

ते पायरीवर बसले. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. पण हळूच म्हणाले, "कोंबडी अंडं देताना त्याच्यावरनं एक हात फिरवती, पाव्हणं. आपल्याला दिसत नाय तो. तेच त्याचं झाकण. तुम्ही ते घासून काढलं."

"झाकण कसलं? घाण होती."

मी चूक कबूल करणाऱ्यातला नाही. अंडी मात्र माझ्या बाजूनं राहिली नाहीत. चौथ्या दिवशी पाण्यात दोन उभी राहिली. सहाव्या दिवशी तीन चांगली मिळेस्तोवर पाच तरंगली. मग असा वास सुटला की आमच्या मंडळीनं मागच्या खिडक्या लावून घेतल्या. आठव्या दिवशी भाभींनी भिंतीवरून निरोप दिला, अंडी राहू द्या, भाकरी तशीच घेऊन जा. फुकटची भाकरी रंगनाथरावांनी घेतली नाही. उरलेली अंडी त्यांनी खड्डा करून पुरली आणि पिशवी भरायला घेतली.

डॉक्टरची शेवटची तपासणी दहा दिवसांवर होती. धूळ नको, चुलीचा धूर नको, ओणवं व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पिशोरच्या घरात बायको वारल्यापासून हा माणूस, त्याची चूल आणि बारा कोंबड्या.

सुरेखा म्हणाली, "दादा, डोळा जाईल."

"दुसरा हाय की."

"दहा दिवस माझ्या हातचं खा ना. पाया पडते तुमच्या."

"नको, बाई."

ती डोळ्याला पदर लावून आत गेली. मग माझा पारा चढला. ओसरीवर आम्ही दोघंच होतो, ऊन उतरलं होतं. मी म्हणालो, "पाव्हणं, लई झालं. तिच्या हातची एक भाकरी खाल्ली तर काय तोंडात किडे पडतील? एवढं हलकं घर वाटलं व्हय माझं?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडं बघितलं. आत भांडी वाजत होती. मग अगदी हळू बोलले.

"घर हलकं नाय. ह्याच्याहून चांगलं घर मला माझ्या पोरीसाठी भेटलंच नसतं. पर आठ वर्षं झाली, पाव्हणं. तुम्ही विचारायचं सोडलं. ईहीणबाईंनी सोडलं. जावईबापूंनीबी दवाखाने सोडले. बरंच केलं, तिचा जीव तरी सुटला. पर म्या आज तिच्या घरात ताटावर बसलो, तर ती काय समजंल? दादानंबी वाट बघायचं सोडलं." त्यांनी घोंगडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मला बोलून धीर देता येत नाय. जेवत नाय, एवढंच येतं."

  मी त्यांची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"ओ, गाडी हाय माझी उद्या," ते मागून म्हणाले.

"तुमची नाही. माझी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं पिशोरला गेलो. त्यांच्या कोंबड्या बघायला त्यांची भावजय होती. तिनं तीन आठवड्यांची अंडी बादलीत, राखेत धरून ठेवली होती; भाभींच्या रोजच्या तीन अंड्यांना दहा दिवस ती पुष्कळ होती. मला दारात बघून तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. "तुम्ही का आलात? निरोप धाडला असता तर पोचती केली असती." पोराच्या बापानं पोरीच्या बापाचं ओझं वाहायचं, असं आमच्या भावकीत तरी कुणी बघितलेलं नाही. मी म्हणालो, "बादली द्या."

येताना गाडीत गर्दी होती. कन्नडपर्यंत माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या. कंडक्टर दोनदा बघून गेला, तिसऱ्यांदा थांबला.

"बाबा, खाली ठेवा की ती बादली. रस्ता खराब हाय."

"इवायाची हाय," मी म्हणालो आणि बादली आणखी पोटाशी धरली.