पाचला पाच कमी

भरमाण्णा मास्तर घरात बनियन-पायजम्यावर असले तरी गळ्यात शिट्टी असतेच. सांबऱ्याकडच्या एका शाळेत तीस वर्षं ड्रिल शिकवून ते निवृत्त झाले, शिट्टी मात्र झाली नाही. नळाला पाणी आलं की एक फुंक, दारात कुणी स्कूटर आडवी लावली की दोन. आणि रविवारी संध्याकाळी लांबलचक शिट्टी वाजली की आमच्या बेळगावच्या गल्लीत धडाधड दारं लागतात. मी पेशानं वकील आणि त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे मला पळायला जागा नाही.

याचं कारण त्यांच्या लेकीनं बेंगळूरहून पाठवलेला व्हिडिओ गेम. टीव्हीपुढं उभं राहून हातातला रिमोट फिरवायचा, की पडद्यावरची आपली बाहुली चेंडू फेकून नारळ पाडणार. खोक्यावर हसून लोळणारं कुटुंब छापलंय. आम्ही एकदाही हसलो नाही. मी खांदा निखळेस्तोवर हात फिरवावा, तर माझी बाहुली डोकं खाजवत उभी! बरं, चार गडी असल्याशिवाय तो सुरूच होत नाही. मास्तर, त्यांची बायको सुमनाक्का, मी आणि गल्लीत जो सापडेल तो.

मास्तरांचा कायदा कडक. "पाच म्हंजे पाचला पाच कमी!" आधी जागच्या जागी धावायचं, मग खेळ. जरा वाकडं उभं राहिलं की, "फाऊल! वकील, कोर्टातबी असंच उभारताय काय ओ?"

जिंकायच्या मात्र सुमनाक्का. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात कापतो. चारचौघांत त्या तो पदराखाली धरतात. लग्नकार्याला जाणं सोडलंय, आल्यागेल्याला चहासुद्धा मास्तरच देतात. रविवारी तेवढ्या त्या माणसांत येऊन बसतात. खुर्चीत बसूनच रिमोट धरायच्या, आणि त्यांचे नारळ पटापट पडायचे. बायकोचं नाव घ्यायला मास्तर लाजत, म्हणून शिट्टी फुंकून ओरडत, "गुण खुर्चीला!"

दर रविवारी हरणं मला काही पचेना. परवाच्या रविवारी माझा मेव्हणा विनायक निपाणीहून आला. कॉम्प्युटरमधला माणूस. त्याला मुद्दाम घेऊन गेलो आणि कानात सांगितलं, "काहीतरी गडबड आहे. शोधून काढ."

विनायक घामाघूम होऊन हरला. मग तो टीव्ही सोडून आक्कांकडेच बघू लागला.

"दाजी, घावलं!" तो ओरडला. "हात फिरवल्याला हे मोजतच न्हाय. नुसती थरथर मोजतंय. सेटिंग गंडलंय, दोन मिनटात बंद करतो!"

आक्कांचा हात पदराखाली गेला. रिमोट मांडीवरून घरंगळून फरशीवर आपटला. विनायक आमच्याकडे पाठ करून सेटिंग उघडत होता. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकच निघेना. तीस वर्षं मैदान गाजवलेला माणूस नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे शोधायला मीच तर सांगितलं होतं.

मी पुढे होऊन विनायकचा हात धरला. "फाऊल! खेळ चालू असताना मशीनला हात? मास्तर, याचे दहा गुण वजा करा."

विनायकनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आक्कांच्या पदराकडे. सेटिंग होतं तसं ठेवलं. "चुकलं, मास्तर."

मी रिमोट उचलून आक्कांपुढे धरला. माझा हात अवघडला. त्या उठून आत गेल्या असत्या, तर पुन्हा कधी बाहेर येऊन बसल्या नसत्या. बऱ्याच वेळानं पदर हलला.

"पाचच वजा करा," आक्का म्हणाल्या. "पाव्हणा हाय त्यो."

आणि त्यांनी कापत्या हातानं रिमोट घेतला. परवाही खुर्चीच जिंकली.

निघताना मास्तर फाटकापर्यंत आले. "सेटिंगचं लेकीनं पयल्याच दिवशी सांगिटलं हुतं, वकील," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच म्हटलो, ऱ्हाऊ दे. तेवढ्यापुरता तरी हात भाईर काढती की ती."

शिट्टी त्यांनी मुठीत धरली होती. "फुडच्या रविवारी येताय न्हवं?"

मास्तरांनी आजवर कुणाला असं विचारलं नव्हतं, नुसतं शिट्टी फुंकून बोलावलं होतं.

"येतो की. पाचला," मी म्हणालो.

"पाचला पाच कमी," मास्तर म्हणाले.