आधी भिंत, मग किल्ली

शिवलिंगप्पा पाहुण्याला खोलीची किल्ली लगेच देत नसत. आधी भिंतीला हात लावायला लावत.

"गार हाय की न्हाय?"

पाहुणा हो म्हणाला, की इतिहास सुरू.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. संस्थान विलीन झाल्यावर सोलापूरकडचा हा राजवाडा सरकारी विश्रामगृह झाला होता. मी तिथला कारकून, शिवलिंगप्पा चौकीदार. भिंत दुहेरी आहे, मधे हवा खेळते. चुन्यात गूळ आणि बेलफळ घातलंय. सागवानी जिन्याला एकही खिळा नाही, हे ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नसे. ऐन मे महिन्यात एक न्यायाधीश बॅग हातात धरून अर्धा तास उभे होते. एक इंजिनियर म्हणाले, दरबाराची कमान खचणार. शिवलिंगप्पांनी त्यांचा चहा नेमका त्या कमानीखाली मांडला.

"बसा सायेब. पडली तर मीबी हाय की हितंच."

तक्रारी यायच्या. मी रागवायचो. ते शांतपणे म्हणायचे, "घर म्हाईत नसताना माणसाला झोप कशी लागंल?"

त्यांची बायको गंगव्वा मागच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापायची. नवऱ्याचा आवाज लांबला, की तिथूनच कन्नडमध्ये ओरडायची, "साकु!" म्हणजे पुरे. तेवढं एकच माणूस त्यांना गप्प करू शकत होतं.

निवृत्त होताना त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. एका दिवसासाठी वरची खोली मिळावी, माणसं दोन. मी हसलो. ते हसले नाहीत.

"वीस वर्सं तिनं लोकांस्नी जेवाय घातलं. वर कदी पाय ठिवला न्हाय. यकदा पावणी म्हणून ऱ्हाऊ दे की."

वरच्या कचेरीतून उत्तर आलं, अर्जदार पात्र नाहीत. मी पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मंजुरी आली, तेव्हा गंगव्वाला जाऊन दीड महिना झाला होता.

आता ते कशाला येतील, असं मला वाटलं. पण ठरल्या दिवशी दुपारी आले. धुतलेलं धोतर, हातात कापडी पिशवी. मी नोंदवही ओढली, त्यांचं नाव लिहिलं आणि 'माणसं' या रकान्यापाशी थांबलो.

"दोन लिवा," ते म्हणाले.

मी दोन लिहिलं.