दोंडाईच्याची वादग्रस्त मिरची

आई गेली त्या दिवशी सकाळीच भूमिकाने जळगावहून फोन करून तिला झापलं होतं. कारण नेहमीचंच. भूमिकाच्या क्रेडिट कार्डाचं जोडकार्ड पारोळ्याजवळच्या गावी आईकडे असे. आईच्या जुन्या फोनला घरात रेंज नसे, म्हणून ती गच्चीवर जाई आणि आलेला ओटीपी तिथूनच ओरडून खाली कुणाला तरी सांगे.

"आई, अख्खी गल्ली ऐकते!"

"ऐकू दे. बठ्ठी गल्ली आपलीच शे. आठे चोर कोन शे?"

"तुला काही कळत नाही," म्हणून भूमिकाने फोन ठेवला. दुपारी आई जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

नवव्या दिवशी कार्डाचं बिल आलं. दोंडाईच्याच्या कुणा व्यापाऱ्याला अठरा हजार, आणि तारीख तीच! आईच्या शेवटच्या दिवशी कुणीतरी हात मारला होता. भूमिका कॉलेजात वाणिज्य शिकवायची; पुरावा हाती असला की तिला अडवणं कठीण. तासाभरात तिने कार्ड बंद केलं, बँकेत फसवणुकीची तक्रार नोंदवली आणि व्यापाऱ्याला पोलिसांची अशी भीती घातली की त्याने निघालेला टेम्पो अमळनेरहून मागे फिरवला. टेम्पोत काय आहे, हे विचारायला तिला सवड नव्हती.

दहाव्याला गल्लीतल्या बाया आल्या. डोळे पुसून झाल्यावर शेजारच्या मंजुळाबाईंनी हळूच विचारलं, "पोरी, मिरची काब नही उनी?"

"आली नाही? कसली मिरची?"

"सालभरनी! बठ्ठ्या गल्लीनी मिरची तुनी माय, अक्काच मांगे. ती गच्चीवरथून आकडा सांगे, मी खालथून फोनवर व्यापारीले सांगू."

तेवढ्यात बारा जणींनी पदराच्या गाठी सोडून आपापल्या वाट्याचे पैसे पुढे ठेवले.

"आमना वाटा लई उनूत. अक्काना शब्द रिकामा नको जावाले."

कुणी मागितले नव्हते. आईशिवाय कुणाला हिशेबही ठाऊक नव्हता.

भूमिकाने तिथेच बसून बँकेला फोन लावला.

"तक्रार मागे घ्यायची आहे."

"ओटीपी कुणाला सांगितला होता, मॅडम?"

"गल्लीला."

"बरं. गल्ली... आडनाव?"

मंजुळाबाई कानाशी येऊन कुजबुजल्या, "मनं आडनाव लाव वं, पाटील."

"मॅडम, कॉल रेकॉर्ड होतोय. तक्रार का मागे घेता, ते स्पष्ट सांगा."

भूमिकाने 'गैरसमज', 'तांत्रिक अडचण' असे शब्द चाचपले. अडतीस वर्षं आईशी वाद घालताना असले शब्द तिला कायम पुरले होते. आज पुरेनात.

"आईचं बरोबर होतं."

"आवाज येत नाही, मॅडम. जरा मोठ्याने."

भूमिकाने फोन तोंडाजवळ धरला.

"माझ्या आईचं बरोबर होतं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माझंच चुकलं."